कारण माहीत आहे, सांगणार नाही

जालना, १८ एप्रिल २००६

प्रिय कोंडू,
सप्रेम जय भीम.

दिनाच्या लग्नाची पत्रिका पोचली. कागद चांगला आहे. फक्त आत्याचं नाव 'तुळसा' छापलंयस. सहासष्ट वर्षं तुळजा म्हणून काढली, आता भाचीच्या लग्नात नवीन नाव कुठून आणू?

फोनच करणार होते. पण मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि तू फोनवर ओरडतोस. इतकी वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होतास, तरी तुला अजून वाटतं की आवाज तारेतून ढकलावा लागतो. म्हणून पत्र.

मी ६ मेला येते. लग्न २८ ला. मधले बावीस दिवस तुमच्याकडे कामतघरला बसून खालच्या लूमची खडखड ऐकायची आणि लाईट गेली की पुठ्ठ्याने वारा घ्यायचा, हे मला झेपणार नाही. खारबावच्या विहारात १४ ते २३ मे स्त्रियांचं श्रामणेरी शिबिर आहे. दहा दिवस चीवर घालायचं, दहा शीलं पाळायची, ध्यानाला बसायचं. मी नाव देणार आहे. नर्सची नोकरी होती तेव्हा रजा मिळाली नाही, निवृत्त झाले तेव्हा गुडघे गेले. आता डॉक्टर म्हणतात, आहेत तेवढे गुडघे यापुढे कमीच होतील. तेव्हा आत्ताच.

हौसाला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. तरी ती करणारच.

तुझी
आक्का


कामतघर, भिवंडी, २४ एप्रिल २००६

प्रिय आक्का,
जय भीम.

नावाची चूक छापणाऱ्याची आहे. मी स्वतः जाऊन त्याला बोललो. पत्रिका तीनशे छापून झाल्यात.

शिबिराचं वाचून हौसाने कपाळाला हात लावला. अगं, श्रामणेरी शिबिरात पहिल्या दिवशी केस उतरवतात. नवरीची एकुलती एक आत्या स्टेजवर मुंडण केलेली उभी राहणार, फोटोत येणार, व्हिडीओत येणार. मुलाकडची माणसं, वळ गावची भालेराव मंडळी, जुन्या वळणाची आहेत. सुमित तेवढा चांगला. मानकोलीला एका गोदामात सुपरवायझर आहे, व्यसन नाही, मान खाली घालून बोलतो. पण त्याचे वडील लडकू भालेराव म्हणजे कुठे काय खुसपट सापडतं तेच बघत बसलेले असतात.

शिबिर वाईट असं मी म्हणत नाही. मी मंडळाचा चिटणीस आहे. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी भाषणात मीच सांगतो की घरटी एकाने तरी शिबिराला बसलं पाहिजे. पण ते लोकांना सांगायचं असतं. लग्नाच्या दोन आठवडे आधी आपल्याच घरातून कोणी उठावं असं मी कधी म्हटलेलं नाही.

पुढच्या वर्षी बस. मी स्वतः सोडायला येईन.

तुझा
कोंडू


खारबाव, १५ मे २००६

प्रिय कोंडू,
जय भीम.

हे पत्र विठू देईल. तो भाजीचा टेम्पो घेऊन रोज सकाळी भिवंडीच्या मार्केटमधून इथे येतो. उत्तर त्याच्याच हाती दे. इथे मोबाईल आल्या आल्या काढून घेतात.

आधी बस. हौसालाही बसव.

मी पुढच्या वर्षापर्यंत थांबले नाही, म्हणून तू आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाहीस. ते मी सोडून दिलं. काल दिना मला सोडायला आली. माझी बॅग तिने उचलली, दुसरी एक तिच्या खांद्यावर होती. तुम्हाला रात्रपाळी आहे असं सांगून निघाली होती, तेव्हा मला वाटलं तिथूनच लॅबच्या ड्युटीला जाणार असेल. नोंदणीच्या टेबलावर बाईंनी माझं नाव वाचलं आणि त्याखालचं वाचलं: धम्मदिना कोंडीराम रोकडे. मला वाटलं, सोडायला आलेल्यांचंही नाव लिहून घेत असतील. मग आम्हाला ओळीने पाटावर बसवलं. मी डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा शेजारच्या पाटापाशी दिनाची वेणी पडली होती.

कोंडू, मी तिला शिकवलेलं नाही. तू हेच आधी विचारणार, म्हणून आधी लिहिते.

सगळ्यांना इथे दहा दिवसांपुरतं नवीन नाव देतात. शिबिर घेणाऱ्या भिक्खुणी आर्याजींनी मला क्षेमा म्हटलं. दिनाला विचारलं, तुझं नाव काय? तिने सांगितल्यावर आर्याजी हसल्या. म्हणाल्या, हे तर भिक्खुणीचंच नाव आहे, वेगळं कशाला द्यायचं. हे नाव तू आठ दिवस पुस्तकं चाळून शोधलं होतंस.

ती बरी आहे. जेवली आहे. घरी चल म्हटलं तर नाही म्हणते. मी काय करू? चोवीस वर्षांची आहे, उचलून तर आणता येत नाही.

आक्का


कामतघर, १६ मे २००६

आक्का,

विठूने पत्र दिलं तेव्हा मी दारात मांडववाल्याशी बोलत होतो. पत्र वाचलं आणि त्याला म्हटलं, नंतर ये. आता नंतर म्हणजे कधी ते तूच सांग.

लग्न बारा दिवसांवर आलंय. तीनशे पत्रिका घरोघर पोचल्यात. आणि नवरी मुंडण करून खारबावला चटईवर बसलीय. मी कोणाला काय सांगू? बुद्धपौर्णिमेला, परवाच्या शनिवारी, मी दीडशे माणसांसमोर घरटी एकाने शिबिराला बसा म्हणून सांगितलं. काल संध्याकाळी आमच्या शेजारणीने मला अडवून अभिनंदन केलं. म्हणाली, भाऊ, बोललात ते करून दाखवलंत.

दिना घरात दोनदा म्हणाली होती, बाबा, लग्न थोडं पुढे ढकलता येईल का? मी म्हटलं, लग्नाआधी सगळ्याच मुलींना धाकधूक होते. यात मी काय चुकीचं बोललो? ती गप्प बसली. म्हणजे तिला पटलं असंच मी समजलो. आणि मग तू आलीस. रोज संध्याकाळी तुम्ही दोघी गच्चीत तास तास बसत होतात. काय बोलत होतात?

हौसा कालपासून एकच वाक्य बोलतेय. "माज्या पोरीला कोनी काय केलं न्हाय ना, येवढंच इचारा."

तेव्हा विचारतो. तुला कारण माहीत आहे का? हो किंवा नाही. एका शब्दात उत्तर दे.

कोंडू


खारबाव, १७ मे २००६

कोंडू,

हो.

एका शब्दात मागितलंस, दिला. आता पुढचं ऐक. कारण माहीत आहे, सांगणार नाही. पहिल्या दिवशी दुपारच्या विश्रांतीत दिनाने मला सगळं सांगितलं आणि कोणाला कळू द्यायचं नाही असं वचन घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, नाहीतर मला काही ठाऊक नाही असं लिहून मी मोकळी झाले असते. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना मी याहून मोठ्या थापा मारल्यात आणि मला शांत झोप लागलीय.

गच्चीत आम्ही तुझ्याबद्दल बोलत होतो. तू चप्पल कुठेही काढतोस वगैरे.

हौसाला सांग, तिच्या पोरीला कोणी हात लावलेला नाही, कोणी फसवून इथे आणलेलं नाही. सगळ्या घरात नेमका प्रश्न तिने एकटीने विचारला. तुला मात्र मंडप आणि शेजारीण दिसली.

२४ तारीख उलटली की दिना स्वतः सांगेल. २४ च का, तेही विचारू नकोस.

आणि मी इथे फार सुखात आहे असं समजू नकोस. पहाटे चारला घंटा होते. दुपारी बारानंतर पोटात पाण्याखेरीज काही नाही. ध्यानात माझ्या पुढची बाई घोरते, तिच्या पुढची तिला जागं करायला खोकते, आणि मी श्वासाकडे लक्ष द्यायचं सोडून या दोघींकडे लक्ष देते. त्यात दिनाने जे केलं त्याचा मला तुझ्याइतकाच राग आलाय. मी तिला सांगितलं, दुसऱ्याला तोंड आहे, त्याने उघडावं. तू आपलं डोकं कशाला पुढे केलंस? ती म्हणते, आत्या, झालं ना आता.

आक्का


कामतघर, १९ मे २००६

आक्का,

'दुसऱ्याला तोंड आहे' म्हणजे कोणाला? सांगायचं नसेल तर अर्धं तरी लिहू नकोस. मी रात्रभर घरातल्या, गल्लीतल्या, लॅबमधल्या सगळ्यांची तोंडं आठवत बसलो.

काल लडकू भालेराव आले होते. बरोबर सुमित. भालेराव आत आलेच नाहीत. बाहेरच्या पायरीवर उभं राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलले. मुलीला वेड लागलंय, ते आम्ही लपवलं, तुमच्या घराण्यात बायकांना नांदायचं वळणच नाही, असं सगळं. शेवटचं वाक्य तुझ्यावर होतं, हे तुला कळलं असेल. मी हात जोडून उभा होतो. मला आयुष्यात कोणी इतकं बोललेलं नाही.

सुमित बिचारा एक शब्द बोलला नाही. सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. जाताना माझ्या पाया पडला. मला त्या पोराची कीव आली. एवढा सज्जन मुलगा, आणि आमच्या पोरीने त्याची काय अवस्था केली.

रविवारी मी आणि हौसा येतो. दिनाला घेऊन जाणार. तिला तयार ठेव.

कोंडू


कामतघर, २२ मे २००६

आक्का,

काल आलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. तू तिथेच होतीस, तरी लिहितो, कारण तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही.

चीवरातल्या माणसाला गृहस्थाने वंदन करायचं, ही रीत मीच गल्लीतल्या पोरांना शिकवली. हौसा सरळ पुढे गेली, आंब्याची पेटी ठेवली, पोरीसमोर डोकं टेकलं आणि बाजूला बसून तिच्याकडे बघत राहिली. मला ते जमेना. चाळीस बायका बघत होत्या. आर्याजी थांबल्या होत्या. शेवटी मी वाकलो. माझ्या मुलीने हात वर केला आणि 'सुखी होतु' म्हणाली. मला, तिच्या बापाला. मी विचारलं, कारण सांग. ती म्हणाली, "बाबा, चोवीस तारखेनंतर." तू शेजारी डोळे मिटून बसली होतीस. तू ध्यानात नव्हतीस, आक्का. लहानपणापासून तुला ओळखतो.

आज मी सगळ्यांना लग्न रद्द म्हणून सांगायला बाहेर पडलो. अठरा घरं झाली. प्रत्येक घरी पाणी देतात आणि विचारतात, मुलगी आजारी आहे का?

आता मनात आहे ते लिहितोच. तुला स्वतःचं घर टिकवता आलं नाही. तीनदा सासरहून पळून आलीस, चौथ्यांदा कायमचं सोडलंस. आम्ही कधी बोललो नाही. पण माझ्या पोरीच्या डोक्यात तेच भरायचा तुला हक्क नव्हता. तुला एकटं राहणं जमलं म्हणून सगळ्यांना जमत नाही. तू या घरात लग्नाला आली होतीस. लग्न मोडून चाललीस.

कोंडू


खारबाव, २३ मे २००६

कोंडू,

पत्र वाचलं. दिनाला दाखवलं नाही.

शिबिर आज संपलं. आम्ही दोघींनी चीवर परत केलं. आर्याजींना आवराआवरीला माणसं हवी आहेत, तेव्हा चार-आठ दिवस इथेच राहू. तुझ्या दारात या क्षणी यायची माझी इच्छा नाही, हे दुसरं कारण.

तू पळून येण्याचा हिशोब केलास, म्हणून बाकीचं मी सांगते. १९६२ साली मी तिसऱ्यांदा घरी आले. बाप असून दादांनी विचारलं नाही, का आलीस. आईने माझ्या पाठीवर हळद लावली, पण तिनेही विचारलं नाही. तू मॅट्रिकला होतास. दादांनी तुला सांगितलं, हिला पोचवून ये. कल्याण स्टेशनवर मी तुझा हात धरून म्हटलं, कोंडू, मला नको सोडूस. तू हात सोडवलास आणि गाडीत बसवलंस. त्याचा राग मी कधी धरला नाही. घरात दादांच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नव्हतं, तुझं काय चालणार? पण चौथ्या वेळी मी घरी आले नाही, ती त्यामुळे. सरळ नर्सिंगला नाव घातलं.

मी दिनाच्या डोक्यात काही भरलेलं नाही. मी फक्त तिच्या शेजारी बसले. तू तिला निदान कारण विचारतोयस. ओरडून विचारतोस, तरी मला कोणी तेवढंही विचारलं नव्हतं. म्हणून तुझं पत्र फाडलं नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर विठूला भाजीची यादी लिहून दिली.

आणखी दोन दिवस दम धर.

तुळजा


कामतघर, २७ मे २००६

प्रिय आक्का,
जय भीम.

कुठून सुरू करू कळत नाही. झालं तसं लिहितो.

काल, शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं. पंचविशीची एक मुलगी, खांद्याला पर्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. म्हणाली, "मी करिष्मा. सुमित भालेरावची बायको."

मी म्हटलं, बाई, तुम्ही घर चुकलात. हौसाने मला बाजूला केलं, तिला आत घेऊन बसवलं, पाणी दिलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या समाधानासाठी लिहितो. ती त्याच गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. आपल्यातली नाही. दोघांनी मार्चमध्ये रजिस्टर लग्न केलं. आमचा साखरपुडा फेब्रुवारीतला, म्हणजे आमच्याकडचे पेढे खाऊन महिना झाल्यावर. बापाला सांगायची सुमितची छाती झाली नाही. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न २४ मेला होतं. हे आधी कळलं असतं तर बहिणीचं जमलेलं मोडलं असतं. म्हणून ते झाल्यावर घरी सांगायचं असं तिने ठरवलं होतं. इकडे आमची २८ तारीख जवळ येत चालली. तेव्हा सुमितने दिनाला गाठून सांगितलं, तू काहीतरी करून नाही म्हण, पण माझं नाव येऊ देऊ नकोस.

परवा तिने घरी सांगितलं. तिचे वडील तेव्हापासून जेवलेले नाहीत. आणि ही पोरगी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली. का, तर म्हणाली, "दिनाबद्दल लोक वाईट बोलतात ते मला ऐकवत नाही. माझ्या बहिणीचं लग्न तिच्यामुळे झालं."

आठ दिवस मी शिव्या द्यायला माणूस शोधत होतो. आता माणूस समोर आला, तर ती दोन्ही हातांनी ग्लास धरून बसलेली. मला शिवी आठवेना. मी विचारलं, सुमित कुठाय? म्हणाली, "खाली उभाय. वर यायला घाबरतो."

मी खाली गेलो. पानाच्या टपरीमागे उभा होता. याची मला कीव आली होती, आक्का. मी त्याला एक मारली. मग स्कूटर काढली, म्हटलं, बस मागे. कामतघर ते वळ तो मागे बसून रडत होता, आणि मानकोलीच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो तेव्हा शेजारचे रिक्षावाले बघत होते. त्यांना वाटलं असेल, पोराला दवाखान्यात नेतोय.

भालेराव ओट्यावर बसले होते. मी सुमितला त्यांच्यापुढे उभं केलं. म्हटलं, बोल. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शेवटी मीच म्हटलं, "भालेराव, माझ्या मुलीला वेड लागलेलं नाही. तुमच्या मुलाला वाचा नाही. त्याचं ओझं माझ्या मुलीने आपल्या डोक्यावर घेतलं."

मग सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. बसला तेव्हा म्हणाले, मला मुलगा नाही. ती मुलगी या घरात येणार नाही. मला तिथूनच परत फिरायला हवं होतं. माझं काम झालं होतं. पण फिरता येईना. ती पोरगी माझ्या घरी हौसाजवळ बसलेली, तिच्या घरी चूल पेटलेली नाही, आणि हा माणूस मला मुलगा नाही म्हणतोय. संध्याकाळपर्यंत मी त्या ओट्यावर बसलो. माझ्या मुलीचं लग्न मोडलं ते मोडलं, वर ज्याच्यामुळे मोडलं त्याचाच संसार लावत मी उन्हात बसलो होतो. तू असतीस तर हसली असतीस. शेवटी भालेराव म्हणाले, आणा तिला, एकदा बघतो. तेव्हा उठलो.

आता माझं. २२ तारखेचं पत्र मी लिहायला नको होतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

कल्याणचं मला आठवतं. गाडी सुटल्यावर तू खिडकीतून बघितलं नाहीस, म्हणून तुला माहीत नाही. मी घरी गेलो नाही. पुढची गाडी येईपर्यंत तिथेच बाकावर बसलो होतो. तिच्यात बसून तुला परत आणावं असं मनात होतं. गाडी आली आणि गेली. दादांना काय सांगू, ते सुचलं नाही.

दिनाला सांग, घरी ये. शहाणी आहे. तिला लग्न करायचं नव्हतं तर नव्हतं. मी आता कधी विषय काढणार नाही.

तुझा
कोंडू


खारबाव, २८ मे २००६

प्रिय कोंडू,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कल्याणच्या बाकाचं चौथ्यांदा. एवढी वर्षं हे पोटात ठेवलंस आणि मला म्हणतोस, मी सांगत नाही.

हसले नाही. तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटली. तो ओटा दगडाचा असणार.

आता तुझ्यावर पुन्हा चिडायला लागणार आहे. एवढं सगळं कळलं, तरी शेवटी काय लिहिलंस? तिला लग्न करायचं नव्हतं. हे तुला कोणी सांगितलं? तू कारण मला विचारलंस, भालेरावांना सांगितलंस, अठरा घरी जाऊन आलास. दिनाला कधी विचारलंस का, तुझ्या मनात काय होतं? रागाने नाही, नुसतं? ते माझ्या वचनात येतं, म्हणून मी लिहिणार नाही. पण तू चुकतोयस एवढं सांगते.

तिला पत्र लिही. मला नको. आणि 'शहाणी आहे' वगैरे लिहू नकोस.

आक्का


खारबाव, ३० मे २००६

प्रिय बाबा,
जय भीम.

तुमचं पत्र विठूकाकांनी दिलं. दोनच ओळी होत्या, आणि तुमचं अक्षर वाकडं आलं होतं. तुम्ही विचारलंत, तुला काय हवं होतं?

मला सुमित हवा होता.

तो पहिल्यांदा आपल्याकडे आला, तेव्हा आईच्या हातातून ट्रे घेऊन त्याने सगळ्यांना चहा दिला. तेव्हाच मला आवडला. साखरपुड्यानंतर तो रोज फोन करायचा नाही, म्हणून मला वाटायचं, लाजतोय. ४ मेला लॅब सुटायच्या वेळी बाहेर उभा होता. मला वाटलं, भेटायला आला. मी आत जाऊन केस नीट करून आले. मग त्याने ते सगळं सांगितलं.

मी त्याला विचारलं, मग होकार का दिलास? तो म्हणाला, बाबांसमोर बोलता आलं नाही. मला त्याचा इतका राग आला, की त्याच क्षणी घरी येऊन तुम्हाला सगळं सांगणार होते. घरी आले. तुम्ही पत्रिकांवर नावं लिहीत होतात. मी म्हटलं, बाबा, लग्न थोडं पुढे ढकलता येईल का? तुम्ही मान वर न करता धाकधुकीचं बोललात, आणि मी स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तेव्हा मला कळलं की त्याच्यात आणि माझ्यात काही फरक नाही. त्याला त्याच्या बाबांसमोर बोलता येत नाही, मला माझ्या.

म्हणून शिबिराला नाव दिलं. चीवरातल्या मुलीला कोणी लग्नाचं विचारत नाही, आणि तुम्ही स्वतः शिबिराबद्दल इतकं बोलायचात की नाही म्हणता आलं नसतं. आत्याला वाटतं, मी दुसऱ्यासाठी एवढं केलं. करिष्माच्या बहिणीचं लग्न मोडू नये असं मला वाटत होतं, ते खरंच. पण अर्धं कारण एवढंच की 'नको' हा शब्द तोंडातून निघत नव्हता. आणि 'हवा होता' हे तर त्याहून नाही.

पहिले सहा दिवस मी ध्यानाला बसून फक्त रडले. आर्याजींनी काही विचारलं नाही. आत्या शेजारी बसायची आणि कोणी बघायला लागलं की मुद्दाम खोकायची.

रविवारी २८ तारीख होती. दिवसभर आम्ही दोघींनी विहाराच्या चटया धुतल्या. संध्याकाळी मला भूक लागली. मी दोन वेळा भात घेतला.

तुम्ही भालेरावकाकांकडे दिवसभर बसलात ते आत्याने वाचून दाखवलं. बरं केलंत. त्या दोघांना आता परत एकटं टाकू नका. मला वाईट वाटेल म्हणून जाणं थांबवू नका. वाईट तर वाटणारच आहे.

गुरुवारी आम्ही दोघी घरी येऊ. शुक्रवारपासून मला ड्युटीवर जायचंय. स्टेशनवर तुम्हीच या. आईला यातलं सांगू नका, मी सांगेन. आणि वाटेत काही विचारू नका. मला जेव्हा बोलता येईल तेव्हा मी बोलेन. तुम्ही फक्त तेव्हा हातातलं काम खाली ठेवा.

तुमची
दिना


कामतघर, ३१ मे २००६, बुधवार

चि. दिना,

पत्र आत्ता वाचलं. हे विठूच्या हाती देतोय, पण तो पोचायच्या आधी बहुतेक मीच पोचेन. गुरुवारपर्यंत थांबणं मला जमणार नाही.

वाटेत काही विचारणार नाही.

बाबा